दोन घरांचा गुडघा

डब्लिन, ८ नोव्हेंबर १९५३

मामा,

मामीने पाठवलेला पाव पोचला. टपालातल्या माणसाने त्याला वीट समजून दोनदा वजनकाट्यावर ठेवला. मामीला सांगू नका. किंवा सांगा, नाहीतर मी काहीतरी लपवलं असं मला वाटत राहील.

आयरिश भाषेच्या कोशात मला माझा पहिला शब्द मिळाला. इतके महिने मी लोकांच्या तोंडून टिपलेल्या शब्दांच्या चिठ्ठ्या नुसत्या वर्णानुक्रमे लावत होते. सोमवारी डॉक्टर लावेल आले, तोंडात पेपरमिंटची गोळी टाकली आणि माझ्या टेबलावर एक खोकं ठेवलं. वर लिहिलं होतं: ग्लून. गुडघा. माझा हात आपोआप टेबलाखाली उजव्या गुडघ्याकडे गेला. लहानपणी चार वर्षं तो प्लास्टरमध्ये होता, अजून पुरता वाकत नाही, हे त्यांना ठाऊक नाही. साऱ्या शरीरातून मला नेमका हाच मिळावा.

डॉक्टरांनी मला शब्दाची वंशावळ काढून दाखवली. लॅटिनमध्ये गेनु, ग्रीकमध्ये गोनु आणि लांब हिंदुस्थानात, संस्कृतात जानु. सगळ्यांच्या पोटात न आहे, मग आपल्याकडे ल कुठून आला? ते म्हणाले, "फार पूर्वी आपल्या शब्दात दोन न जवळजवळ आले असावेत. त्यांचं एका घरात पटलं नाही, मिस. एकाने ल चं सोंग घेतलं." जुन्या पोथ्यांत तो शब्द नपुंसकलिंगी होता, आता तो 'ती' झाला आहे. दोन गुडघे म्हणताना आपण अनेकवचन लावत नाही, एकाचंच रूप ठेवतो, फक्त पहिला ग मऊ करतो. आणि एकाच गुडघ्यावर टेकलेल्या माणसाला आपण 'अर्ध्या गुडघ्यावर' म्हणतो, कारण आपल्या हिशेबी पुरता गुडघा म्हणजे जोडी. हे मी जन्मभर बोलत आले आणि कधी लक्षातच आलं नाही. तुम्ही मला पलंगाशी बसून शिकवलंत तेव्हाही नाही.

आता कामाचं. नेलआजी, तुमची आई, सुईण होती. आपण सुईणीला 'गुडघ्याची बाई' म्हणतो, ते खोक्यात आहेच. पण तिच्या हातून जन्मलेल्या कुणाबद्दलही आजी म्हणायची, "तो माझ्या गुडघ्याचा आहे." पाद्री असो नाहीतर पोलीस. हे खोक्यात कुठेच नाही. मी माझ्या आठवणीने चिठ्ठी लिहून डॉक्टरांना दाखवली. त्यांनी गोळी चघळायची थांबवली.

पण नियम तुम्हाला पाठ आहे: दोन घरं, दोन तोंडं. एकाच घरातलं बोलणं म्हणजे घरातली लाडिक बोली, भाषा नव्हे. तुम्ही अकरा वर्षं आमच्यासाठी चिठ्ठ्या गोळा करताय. आपल्या घराबाहेर कुणाच्या तोंडून हे ऐकलंय का? संत ब्रिजिदच्या सणापर्यंत, म्हणजे एक फेब्रुवारीपर्यंत लेख द्यायचा आहे. तो चांगला झाला तर मला कायम करतील.

तुमची
गॉबनेट


कुआन दूव, २० नोव्हेंबर

गॉबनेट पोरी,

पावाचं मी मामीला सांगितलं. ती म्हणते, त्या टपालवाल्याला सांग, पुढच्या वेळी वीटच पाठवते, फरक कळला तर कळव.

तुझ्या डॉक्टरला माझा नमस्कार. त्याचे दोन न मला फार आवडले. मी काल प्रार्थनेच्या वेळी मागे सगळ्या बाप्यांबरोबर टोपी खाली अंथरून अर्ध्या गुडघ्यावर टेकलो होतो आणि मनात हाच विचार, की अरे, हा माझा दुसरा अर्धा गुडघा, थंडीने दुखणारा, तो हिशेबात कुठे जातो?

आईचं ते बोलणं आता खोक्यात जाणार म्हणतेस. तिला कळलं असतं तर विचारलं असतं, "खोकं कोरडं आहे ना?" तीनशेच्या वर पोरं तिने गुडघ्यावर घेतली. आधी स्वतःच्या गुडघ्यावर, तोंड दाराकडे करून, आणि मग आईच्या कुशीत.

तर ही घे तुझी चिठ्ठी. सोबत जोडली आहे. बोलणारा: टाइग ओ शे, गाव कारिग, वय ऐंशी, आता हयात नाही. वाक्य: "मी दाराबाहेर दोन्ही गुडघ्यांवर बसून देवाला आळवत होतो, तेवढ्यात आतून पोर रडलं आणि बाई म्हणाली, हा आला माझ्या गुडघ्याचा." बघ, एका चिठ्ठीत दोन कामं. तुझं जोडीचं रूपही आलं, मऊ ग सकट. मास्तरकी गेली तरी खोड जात नाही.

मॅकरेल यंदा उशिरापर्यंत आहे. मामी खारवतेय आणि शिव्या देतेय, मला की माशाला ते कळत नाही.

मुरिश


डब्लिन, १ डिसेंबर

मामा,

तुमची चिठ्ठी मिळाली त्याच दिवशी मी ती डॉक्टरांकडे नेली. त्यांनी उभ्यानेच वाचली, मग बसून वाचली. म्हणाले, "तुमचे मामा म्हणजे सोनं आहेत, मिस. दोनशे चौदा चिठ्ठ्या आणि एकीलाही हात लावावा लागलेला नाही." मला इतका आनंद झाला की जेवायला जाताना छत्री विसरले.

एक बारीकशी गोष्ट विचारू का? नुसतं लेखासाठी. कारिगचे टाइग ओ शे म्हणजे कोणते टाइग? मला एकच आठवतात, लाकडी पायाचे. आणखी कुणी होते का, माझ्या जन्माआधी? असतील. मी लहान होते, माझी आठवण चुकत असेल.

तुमची
गॉबनेट


कुआन दूव, १२ डिसेंबर

गॉबनेट,

कारिगमध्ये टाइग इतके झाले की हाक मारली तर कुत्रीसुद्धा वळायची. तू त्याची काळजी करू नकोस.

हंस धरलाय नाताळसाठी. मामीने त्याचं नाव ठेवलंय, त्यामुळे तो कापायचा कुणी हा प्रश्न आहे. तू एकवीसला येतेस ना? मी सायकल घेऊन बसपाशी उभा राहीन. तुझी पेटी सायकलवर, तू पायी, आणि पाऊस आलाच तर पेटीला आधी झाकू.

मुरिश


डब्लिन, ५ जानेवारी १९५४

मामा,

घरी दहा दिवस होते आणि रोज ठरवत होते की आज विचारीन. तुम्ही गाय, हंस, हवामान, आयर्लंडातले सगळे रस्ते यांवर बोललात. मीही बोलले. आपण दोघं एकमेकांना किती सांभाळून चालत होतो हे मामीच्या लक्षात आलं असणार, कारण तिने दोनदा विचारलं, "तुम्ही दोघं अंड्यांवरून चालताय का?"

रोज संध्याकाळी प्रार्थनेला सगळे खुर्च्यांना पाठ करून गुडघे टेकायचे आणि मी माझी अर्धी ढोपरटेक करायचे, तेव्हा समोरचा बाक दिसायचा. लहानपणी मी पायात प्लास्टर घालून त्या बाकावर बसायचे. आख्ख्या खोलीत गुडघे न टेकणारी माणसं दोनच, मी आणि टाइगआजोबा. त्यांचा पाय सतराव्या वर्षी दोरात अडकून मांडीपासून गेला होता, त्यांचं लग्न व्हायच्या कितीतरी आधी. तो लाकडी पाय ते माझ्या बाजूला सरळ लांब करून ठेवायचे. मी पहिली अक्षरं त्याच्यावर खडूने गिरवली. खडू तुम्हीच दिला होता, मामा. "पाटी चालून येतेय तर सोडा कशाला," असं म्हणाला होतात.

ते दोन्ही गुडघ्यांवर बसू शकत नव्हते. त्यांना एकच होता.

कारिगमध्ये दुसरे टाइग ओ शे नव्हते. मी नाताळात मिठाच्या दुकानात विचारून घेतलं. तुमच्या मागे विचारलं याची मला लाज वाटते.

चिठ्ठी खरी असेल तर मला एक ओळ लिहा, मी माफी मागेन. खरी नसेल तर एक गोष्ट तुम्हाला माहीत असायला हवी, म्हणून लिहिते. इथला नियम असा आहे की एखाद्याची एक चिठ्ठी खोटी निघाली तर त्याच्या सगळ्या चिठ्ठ्या बाहेर काढतात. सगळ्या. दोनशे चौदा.

गॉबनेट


कुआन दूव, १६ जानेवारी

गॉबनेट,

चार कागद फाडून हा पाचवा.

टाइग माझा मित्र होता. त्याचा लाकडी पाय मी तीनदा रंगवून दिला. आणि त्याला मी दोन्ही गुडघ्यांवर बसवला. कसं झालं सांगतो. मी वाक्य बघत होतो, माणूस नाही. तुला कायम करणार, आईचं बोलणं छापून येणार, आणि एका घरापायी सगळं अडलंय, असं झालं. टाइग मेला आहे, तो काही बोलणार नाही. त्याला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, "लिही रे." पण तसं लिहायला विचारावं लागतं, आणि विचारायला माणूस जिवंत असावा लागतो.

बाकी दोनशे तेरा खऱ्या आहेत. एकेकासाठी मी चिखल तुडवला आहे. तू माझ्यावर विश्वास ठेवशील का आता? मीच ठेवला नसता.

एक मागतो. एकदाच मागतो. कार्यालयात हजारो चिठ्ठ्या आहेत. चिठ्ठ्या हरवतात. ती एक हरवली तर कुणाचं काही जात नाही. आईचं बोलणं कोशात नाही आलं तर नाही आलं. पण बाकीची माणसं, पॉड्री लोहार, कुर्रनची म्हातारी, ती सगळी माझ्या चिठ्ठ्यांत आहेत. त्यांना माझ्या मूर्खपणापायी बाहेर काढू नकोस.

मुरिश


कुआन दूव, २५ जानेवारी

गॉबनेटबाई,

मामी लिहितेय. माझं अक्षर तुझ्या मामासारखं नाही, सांभाळून घे.

इथे काय चाललंय ते तुला कळायला हवं. मामा बोलत नाही. जेवतो, गाईला बाहेर नेतो, येतो, चुलीपाशी बसतो. चिठ्ठ्यांचा पत्र्याचा डबा पलंगाखाली ढकललाय. अकरा वर्षं मी त्या डब्याला शिव्या दिल्या. पेजेवरून उठून लिहायला पळायचा, माणसं आली की चहा विचारायच्या आधी शब्द विचारायचा. आता डबा दिसत नाही तर खोली रिकामी वाटतेय. मला सांगितलंय त्याने सगळं, काल, माझ्याकडे न बघता.

टाइगचा पाय. मी हसले, गॉबनेट. मला आवरेना. इतका शिकलेला माणूस, खोटं बोलायला निघाला आणि लाकडाला गुडघा फुटवला. तो उठून गाईकडे गेला.

तो सांगतो, तुला चिठ्ठी हरवायला सांगितलीय. तू ती हरवणार नाहीस हे मी त्याला त्याच क्षणी सांगितलं. सात वर्षांची असताना तू मनुका चोरल्याचं पाद्र्याला कबूल करून आलीस, आणि त्या मनुका मी खाल्ल्या होत्या. तेव्हा जे करायचंय ते कर, पण पटकन कर. मी थोरल्या शिवॉनच्या गुडघ्याची आहे, डोंगरापलीकडची, आमच्याकडे जखम उघडी ठेवून बघत बसत नाहीत.

मोजे पाठवतेय. एक थोडा लांब झालाय, तो उजव्या पायात घाल.

नान्स


डब्लिन, ३ फेब्रुवारी

मामा आणि मामी,

सांगितलं.

सोमवारी, सणाच्या दिवशी लेख द्यायचा होता. मी लेख दिला, त्यातून ती चिठ्ठी काढली आणि ती वेगळी त्यांच्यापुढे ठेवली. टाइगआजोबांच्या पायाचं सांगितलं. खडूचं पण सांगितलं, ते सांगायची गरज नव्हती. राजीनामा लिहून नेला होता, तोही ठेवला. मामा, तुम्ही चिठ्ठी हरवायला सांगितलं होतंत हे मी सांगितलं नाही. ते लपवणं बरोबर की चूक हे मला अजून ठरवता आलेलं नाही, पण ते पत्र मला आलेलं आहे, कार्यालयाला नाही.

डॉक्टरांनी चिठ्ठी पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाले, "हे तुम्हाला कधी कळलं, मिस?" मी म्हटलं, एक डिसेंबरला संशय आला. "म्हणजे दोन महिने. पुढच्या वेळी दोन दिवस." राजीनामा त्यांनी घडी करून पेपरमिंटच्या पिशवीत ठेवला. तो मंजूर केला की नाही ते मी विचारलं नाही. मंगळवारी माझ्या टेबलावर नवं खोकं होतं.

पण तुमच्या चिठ्ठ्या बाहेर काढल्या, मामा. दोनशे चौदाच्या दोनशे चौदा. मी स्वतः काढल्या, दुसऱ्या कुणी काढू नयेत म्हणून.

पुढचं नीट वाचा. बाहेर काढलेली चिठ्ठी परत घेता येते. बोलणाऱ्याने स्वतः पुन्हा तेच सांगायचं आणि ते तुमच्याशिवाय आणखी एका माणसाने ऐकून खाली सही करायची. जो हयात नाही त्याचं काही करता येत नाही. मी मोजल्या: टाइगआजोबांची सोडून सत्याहत्तर चिठ्ठ्यांची माणसं आता नाहीत. पॉड्री लोहार त्यांत आहे. मी डॉक्टरांकडे त्याच्यासाठी वेगळं बोलले, ते नाही म्हणाले. उरलेल्या एकशे छत्तीस.

चिठ्ठ्यांचं पार्सल उद्या निघेल. तुम्ही ते उघडणारच नाही असं झालं तर मी समजून घेईन.

गॉबनेट


कुआन दूव, २९ मार्च

गॉबनेट पोरी,

पार्सल आठ दिवस टेबलावर पडून होतं. नवव्या दिवशी तुझ्या मामीने शाल घेतली, बूट घातले आणि म्हणाली, "चल. आणखी एक माणूस लागतो म्हणे ना ऐकायला? मला दोन कान आहेत, आणि तुझ्यापेक्षा बरे आहेत." मी म्हटलं, पाऊस आहे. ती म्हणाली, तो अकरा वर्षं होता.

तर आम्ही निघालो. फेब्रुवारी, मार्च, जमेल तेव्हा. माझे दोन्ही अर्धे गुडघे कुरकुरतात, ती पुढे आणि मी मागे. प्रत्येक दारात मला सांगावं लागलं की मी एक खोटी चिठ्ठी लिहिली, म्हणून पुन्हा विचारायला आलोय. पहिल्या घरी मी आधी हवामानावरच बोललो. कुर्रनची म्हातारी म्हणाली, "एकच लिहिलीस? अकरा वर्षांत? तू भलताच साधा आहेस रे मुरिश." तिसऱ्या घरापर्यंत बातमी आमच्याआधी पोचलेली असायची. चहा गाळून तयार आणि सगळे टाइगच्या गुडघ्याची चौकशी करायला टपलेले. कारिगमध्ये पोरं मला बघून दोन्ही गुडघ्यांवर बसतात.

मामी साक्षीदार म्हणून फार कडक निघाली. कुणी वाक्य जरा वेगळं बोललं की म्हणते, "असं नाही लिहिलंय. पुन्हा." मिकील कोतर रागावून म्हणाला, "माझं बोलणं मला शिकवतेस?" सात जणांनी तर साफ नाकारलं, असं आम्ही कधी बोललोच नाही म्हणाले. त्यांतल्या एकाने दारातून निरोप देताना तोच शब्द वापरला. मामी मागे वळली, मी तिला ओढून आणलं. नाही म्हटलं म्हणजे नाही. आता मी नियमाने चालतो.

एकशे एकोणतीस. सगळ्यांखाली तिची सही आहे. गावातल्या टपालात टाकल्या आहेत, पोचल्या की कळव.

सत्याहत्तर डब्यात परत ठेवल्या. परवा डबा घेऊन कब्रस्तानावरून येताना मामी म्हणाली, यातली लोहाराची कुठली? मी वाचून दाखवली. मग ती म्हणाली, त्याच्या बायकोची? भिंतीवर बसून बऱ्याच वाचल्या. कुणाच्या कोशात नाहीत, पण त्यांची माणसं जवळच होती.

तू केलंस ते बरोबर केलंस. मी मागितलं ते विसर.

मुरिश


डब्लिन, ६ एप्रिल

मामी,

हे पत्र तुला आहे, मामांना नाही. तू त्यांना दाखवू शकतेस, पण आधी उत्तरं दे.

मामांच्या एकशे एकोणतीस चिठ्ठ्या पोचल्या आणि मी त्या परत जागेवर लावल्या. मग तुझी सही पडताळायला तुझं जानेवारीतलं पत्र काढलं. हो, मी सही पडताळली. तू आहेस हे माहीत असूनही. पत्र वाचता वाचता मी एका ओळीवर थांबले. ते पत्र मी तेव्हा चार वेळा वाचलं होतं आणि चारही वेळा रडत वाचलं, म्हणून दिसलं नव्हतं.

तू लिहिलंयस: "मी थोरल्या शिवॉनच्या गुडघ्याची आहे."

मामी, ही थोरली शिवॉन कोण? ती सुईण होती का? हे बोलणं तू नेलआजीकडून, लग्नानंतर उचललंस, की आधीपासून तुझ्या तोंडात होतं? नीट आठवून सांग, आणि मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नकोस. तुझ्या माहेरचं आणखी कुणी असं बोलतं का? आमच्या चिठ्ठीवर एक रकाना असतो, 'बोलणारा कुठे वाढला'. सून कुठल्या घरात राहते ते कोश विचारत नाही, ती कुठून बोलणं घेऊन आली ते विचारतो.

मामांनी तुला कधीच विचारलं नाही?

गॉबनेट


कुआन दूव, १५ एप्रिल

गॉबनेटबाई,

नाही विचारलं.

पत्र मी त्याला वाचून दाखवलं. तो बटाटे सोलत होता. सुरी खाली ठेवली आणि माझ्याकडे असा बघत राहिला की जणू मी आत्ताच दारातून आले. म्हणाला, "तू का नाही सांगितलंस?" मी म्हटलं, तू सगळ्या परगण्याला विचारत फिरलास, मला वाटलं माझं तुझ्याकडे असेलच.

आता तुझे प्रश्न. शिवॉन आमच्या ग्लॅन मोरची गुडघ्याची बाई. दाराएवढी होती. मला आणि माझ्या पाच भावंडांना तिनेच घेतलं. आमच्याकडे सगळे असंच बोलायचे, त्यात विशेष काय आहे हे मला अजून कळत नाही. नेलकडून मी ते उचललं नाही. उलट ऐक. लग्न ठरवायला मला इथे आणलं तेव्हा तुझी आजी या चुलीपाशी बसली होती. डोळे बारीक करून तिने मला विचारलं, "तू कुणाची ग?" माणसं अशा वेळी बापाचं नाव सांगतात. मी घाबरले होते, तोंडातून निघालं, "थोरल्या शिवॉनच्या गुडघ्याची." म्हातारी हसली. म्हणाली, "मग पोर धड हातात पडलेली आहे," आणि मला आपल्या शेजारी जागा करून दिली. तुझा मामा तेव्हा दाराशी टोपी चुरगाळत उभा होता. म्हणजे त्याने ते ऐकलं होतं, गॉबनेट. बत्तीस वर्षांपूर्वी. पण त्याचं लक्ष बोलण्याकडे नव्हतं, असं तो आता म्हणतो. मी त्याला ते माफ केलंय.

तू म्हणशील, नवरा-बायकोचं कोण मानतं. म्हणून रविवारी आम्ही डोंगर ओलांडून माझ्या माहेरी गेलो. भाऊ कोलम गोठ्यात पाद्र्याशी बोलत होता. मामाने त्याला काही सुचवायचं नाही असं मी बजावलं होतं. तो नुसता म्हणाला, "कोलम, शिवॉन आठवते?" कोलम म्हणाला, "न आठवायला काय झालं, मी तिच्या गुडघ्याचा, हा समोरचा पाद्रीही तिच्याच गुडघ्याचा." पाद्र्याने मान डोलावली. मामा गोठ्याच्या भिंतीला टेकून लिहीत होता आणि तीच ओळ दोनदा लिहून बसला. थंडी होती म्हणतो.

दोन चिठ्ठ्या जोडल्या आहेत. कोलमची मामाने लिहिलीय, खाली पाद्र्याची सही. माझी मी स्वतः लिहिली, कारण त्याने लिहिली असती तर तुझ्या डॉक्टरला पुन्हा लाकडाचा वास आला असता. चूक असेल तर दुरुस्त कर, पण बोलणं बदलू नकोस.

मोज्याचं काही कळवलं नाहीस.

नान्स


(सोबतची चिठ्ठी)

शब्द: ग्लून.
वाक्य: मी थोरल्या शिवॉनच्या गुडघ्याची आहे.
बोलणारी: नान्स, वय चोपन्न.
कुठे वाढली: ग्लॅन मोर, डोंगरापलीकडे.
हल्ली मुक्काम: कुआन दूव, चुलीच्या डाव्या बाजूला.
कुणी ऐकलं: मुरिश, नवरा. दुसऱ्यांदा.